पिरॅमिडसाठी प्लॉट

साम्राज्य चालवण्यात लढाई हा सगळ्यात सोपा भाग आहे. शत्रू समोर उभा असतो. त्याला मारायचं की आपण पळायचं, एवढाच प्रश्न. खरा घाम फुटतो तो ग्रंथालय कुठे बांधायचं हे ठरवताना. ‘सिव्हिलायझेशन सिक्स’ हा संगणकावरचा खेळ ज्यांनी खेळलाय त्यांनी आत्ता मान डोलावली असेल. ज्यांनी खेळलेला नाही त्यांनी घरात कुणी बारावीला असताना तो आणू नये. स्वतःला सकाळी ऑफिस असेल तर मुळीच आणू नये.

सिड मायर या गृहस्थांनी पहिला ‘सिव्हिलायझेशन’ १९९१ मध्ये काढला. तेव्हापासून खेळाचं मूळ सूत्र तेच आहे. इसवी सनापूर्वी ४००० साल. तुमच्याकडे वस्ती करायला निघालेली एक टोळी आणि हातात सोटा घेतलेला एक योद्धा. एवढ्या भांडवलावर शहरं वसवायची, शेती करायची, लिपी शोधायची, धर्म काढायचा, बंदूक बनवायची आणि शेवटी अंतराळात यान सोडायचं. पाचशे टर्नमध्ये इसवी सन २०५० उजाडतं. आपण चाली करायच्या, ‘पुढचा टर्न’ दाबायचा, मग बाकीचे राजे आपापल्या चाली करतात, मग पुन्हा आपण. कुणी घाई करत नाही, घड्याळ लावलेलं नाही, विचार करायला हवा तेवढा वेळ. मराठी माणसाला विचार करायला हवा तेवढा वेळ देणं किती धोक्याचं आहे हे सिड मायरना कुणी सांगितलं नसावं.

पहिल्या पाच आवृत्त्यांत जागेची भानगड नव्हती. शहर म्हणजे नकाशावरचं एक घर. धान्याचं कोठार, बाजार, विद्यापीठ, कारखाना, अणुवीज केंद्र, सगळं त्या एका घरात कोंबायचं आणि कुणाची तक्रार यायची नाही. २०१० मध्ये पाचवी आवृत्ती आली तेव्हा नकाशाची चौकोनी घरं षटकोनी झाली. २०१६ मध्ये सहावी आली आणि तिचा मुख्य रचनाकार एड बीच याने शहराचं पोट उघडून आतलं सगळं सामान अंगणात मांडलं. विद्येचा परिसर वेगळा, देवस्थान वेगळं, बाजारपेठ वेगळी, कारखाने वेगळे, नाट्यगृह वेगळं, छावणी वेगळी. प्रत्येकाला स्वतंत्र षटकोन. शहराला केंद्राभोवती मिळतात फक्त छत्तीस षटकोन, आणि त्यातले काही समुद्रात, काही डोंगरात, काहींवर शेजारच्या राजाने आधीच हक्क सांगितलेला. म्हणजे सम्राट झालो तरी जागेची अडचण आहेच.

शिवाय प्रत्येक इमारतीला शेजार बघावा लागतो. विद्येचा परिसर, ज्याला खेळाडू ‘कॅम्पस’ म्हणतात, डोंगराला चिकटून बांधला तर प्रत्येक डोंगरामागे विज्ञानाचा एक जादा गुण. डोंगर पाहून विज्ञान का वाढतं हे कुणी विचारत नाही. या हिशेबाने महाबळेश्वरात स्ट्रॉबेरीऐवजी नोबेल पारितोषिकं पिकायला हवी होती. बाजारपेठ नदीकाठी हवी, तिथे दोन गुण. कारखान्याला शेजारी खाणी हव्यात, धरण किंवा पाण्याचा कालवा असेल तर उत्तम. देवस्थानाला अरण्य चालतं, निसर्गाचा एखादा चमत्कार शेजारी असेल तर दोन गुण, आणि डोंगर तर देवालाही आवडतोच. त्यामुळे दोन डोंगरांच्या बेचक्यातला जो एकुलता एक चांगला प्लॉट असतो त्यावर कॉलेज आणि देऊळ दोघांचाही डोळा असतो. हा पेच सोडवताना मी भल्याभल्या नास्तिकांना देवळाच्या बाजूने कौल देताना पाहिलं आहे.

आठवडाभर हा खेळ खेळलेल्या माणसाची नजर बदलते. त्याला कुरण, नदी, अरण्य दिसेनासं होतं. अधिक एक, अधिक दोन, अधिक तीन एवढंच दिसतं. माझा मेहुणा आर्किटेक्ट आहे. दिवसभर तो लोकांना टू बीएचकेमध्ये देवघर आणि वॉशिंग मशीन ही दोन्ही दैवतं कशी बसवायची ते सांगतो आणि रात्री खंड वसवतो. त्याचा फोन रात्री अकराच्या पुढे येतो. परवा मी फोन स्पीकरवर ठेवला होता.

“दाजी, कॅम्पसला सहा मिळाले!”

“सहा?” मी उडालोच.

“सहा. सगळीकडून डोंगर.”

बायको आतून बाहेर आली. “कुणाला सहा मिळाले? शंभरपैकी?”

तिला समजावून सांगितल्यावर ती भावाला फोनवरच म्हणाली, “अरे, चहूबाजूंनी डोंगर असलेल्या कॉलेजात पोरं जाणार कुठून?” मेहुणा गप्प झाला. खेळात वाट असावी लागत नाही. पण आर्किटेक्ट माणसाला प्रश्न लागायचा तो लागलाच.

या मेहुण्याची खेळायची एक पद्धत आहे आणि ती फार पसरलेली आहे. नकाशावर खुणेच्या टाचण्या लावायची सोय खेळात आहे. मेहुणा पहिलं शहर वसवलं की लगेच या टाचण्या लावायला बसतो. इथे कॅम्पस, इथे बंदर, इथे धरण, धरणाला लागून कारखाने, कारखान्यांपासून दूर वसाहती. इसवी सनापूर्वी ४००० मध्ये, चाकाचा शोध अजून लागायचा असताना, त्याने विमानतळाची आणि अंतराळयानाच्या तळाची जागा आरक्षित केलेली असते. या आरक्षणावर कुणी झोपडी टाकत नाही, कुणी ते उठवून तिथे मॉल काढत नाही, कुणी कोर्टातून स्थगिती आणत नाही. सहा हजार वर्षांनी तिथे विमानतळच होतो. त्याला हा खेळ इतका का आवडतो हे मला त्या दिवशी कळलं.

पण निसर्ग कुठेतरी आडवा येतोच. पशुपालनाची विद्या शिकलात की नकाशावर घोडे दिसू लागतात. ते आधीपासून तिथेच चरत होते, फक्त तुम्हाला दिसत नव्हते. कांस्यविद्या आली की लोखंड दिसतं, औद्योगिक क्रांती आली की कोळसा, पुढे तेल, ॲल्युमिनियम, युरेनियम. आणि नियम असा की घोडे किंवा लोखंड दिसत असलेल्या जागेवर इमारतींचा परिसर बांधता येत नाही. तीन डोंगरांमधला तो सोन्यासारखा प्लॉट, ज्यावर गेली हजार वर्षं कॅम्पसची टाचणी आहे, तिथे एका सकाळी दोन घोडे उभे राहतात. त्यांना हाकलायची सोय नाही.

मात्र परिसर आधी बांधून झाला आणि लोखंड नंतर दिसलं, तर काही बिघडत नाही. इमारत जागेवर राहते आणि लोखंडही तुमचंच होतं. म्हणून काही चतुर सम्राट कॅम्पसची पायाभरणी होईपर्यंत पशुपालन शिकायचंच टाळतात. आधी बांधायचं, मग खाली काय आहे ते बघायचं. हा नियम खेळ करणाऱ्यांनी कुठल्या देशाच्या अभ्यासातून काढला ते माहीत नाही, पण अभ्यास चांगला आहे.

दुसरा नियम याहून गोड आहे. जसजशा विद्या वाढतात तसतसा परिसर बांधण्याचा खर्चही वाढत जातो. पण ज्या दिवशी तुम्ही जागेवर पाया घालता त्या दिवशीचा दर कायम राहतो. मग जाणकार खेळाडू काय करतात? जागा मिळाली की पाया घालतात, खर्च गोठवतात आणि दुसऱ्या कामाला लागतात. नकाशावर ठिकठिकाणी अर्धवट पाया आणि परांची. हजार दीड हजार वर्षांनी सवड झाली की काम पूर्ण करायचं. परदेशी खेळाडूंना ही युक्ती इतरांकडून शिकावी लागते. ज्याने लहानपणापासून भूमिपूजनं पाहिली आहेत त्याला ती उपजत येते.

एवढ्या अडचणीतून परिसर बसवले की मग येतात जगातल्या अद्‌भुत इमारती, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत ‘वंडर’. सगळ्या जगात प्रत्येकी एकच. जो आधी बांधेल त्याची. यांच्या अटी वाचताना मला वर्तमानपत्रातल्या वधूवर जाहिरातींची आठवण होते: मुलगी गोरी, उंच, पुण्यातच नोकरी करणारी, पण परदेशी जायची तयारी असलेली. पिरॅमिडला वाळवंट पाहिजे आणि तेही सपाट, टेकडी चालणार नाही. माचू पिचूला डोंगरच पाहिजे. आयफेल टॉवरला शहराच्या केंद्राला लागून सपाट जागा. बिग बेनला नदी हवी, शेजारी बाजारपेठ हवी आणि त्या बाजारपेठेत बँक असली पाहिजे. ऑक्सफर्ड विद्यापीठाला गवताळ किंवा मैदानी जमीन, शेजारी कॅम्पस, कॅम्पसमध्ये आधीच एक विद्यापीठ. महाबोधी मंदिराला अरण्य हवं, अरण्याशेजारी देवस्थान हवं, देवस्थानात मंदिर हवं आणि यजमानाने स्वतःचा धर्म स्थापन केलेला असला पाहिजे. पत्रिका जुळली तरी पुढे हुंडा, म्हणजे उत्पादन, आहेच.

सगळ्यात कडक अट ग्रेट झिम्बाब्वेची. तिला शेजारी बाजारपेठ लागते आणि गुरं लागतात. गुरं म्हणजे नकाशावर दिसणारी गायीगुरं. ती कापून झटपट धान्य करायची सोय खेळात असते आणि शहर उपाशी असताना मोह आवरत नाही. पण ग्रेट झिम्बाब्वे बांधायची वेळ येते ती बँकेचा शोध लागल्यावर. म्हणजे हजारो वर्षं त्या गुरांना हात लावायचा नाही. मेहुण्याने मला एकदा नकाशाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, “ती गाय राखून ठेवली आहे.” घरात हा मेसेज वाचणाऱ्या कुणालाही आम्ही दोघं काय करतो याचा अंदाज लागणं शक्य नव्हतं.

मी एकदा बसून खऱ्या इमारतींना खेळाचे नियम लावून पाहिले. ताजमहालाला नदी लागते. यमुना आहे, पास. गिझाचे पिरॅमिड वाळवंटातच आहेत, पास. झिम्बाब्वेचे लोक गुरं पाळत आणि सोन्याचा व्यापार करत, पास. नापास झाला तो स्टोनहेंज. खेळात त्याला शेजारच्या षटकोनात दगडाचा साठा लागतो. खऱ्या स्टोनहेंजचे निळसर दगड वेल्समधल्या डोंगरांतून, दोनशे किलोमीटरहून अधिक लांबून आणलेले. त्याच्या मधोमध पडलेली मोठी शिळा तर स्कॉटलंडच्या ईशान्य भागातून आल्याचं २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितलं. म्हणजे ज्यांनी स्टोनहेंज बांधलं त्यांना हा खेळ ते बांधू देणार नाही. त्यांनी टाचण्या लावल्या नव्हत्या, एवढं यावरून सिद्ध होतं.

स्टोनहेंजला उत्पादनाचे १८० गुण लागतात. सुरुवातीचं शहर दर टर्नला सहा गुण काढत असेल तर तीस टर्न झाले. सुरुवातीचा एक टर्न चाळीस वर्षांचा. म्हणजे बाराशे वर्षं. नवीन माणसाला हा विनोद वाटतो, पण खऱ्या स्टोनहेंजचं कामही टप्प्याटप्प्याने सुमारे दीड हजार वर्षं चाललं होतं, तेव्हा खेळाचा हिशेब ठेकेदाराला शोभेल असाच आहे. हे कळल्यापासून मी आमच्या चौकातल्या उड्डाणपुलाकडे अधिक समजुतीने पाहतो.

आणि बाराशे वर्षं लोक राबले, शेवटचा टर्न उरला, की संदेश येतो: दूरच्या कुठल्याशा देशात स्टोनहेंज पूर्ण झालं आहे. झालं. तुमचं बंद. त्या क्षणी खेळाडूच्या तोंडून जो शब्द निघतो तो बहुतेक वेळा मुलांनी ऐकू नये असा असतो. चीनचा पहिला सम्राट छिन शी हुआंग या खेळात आहे आणि त्याला वंडरचं वेड आहे. स्वतः बांधतोच, वर तुमच्याकडे त्याच्यापेक्षा जास्त झाले तर नाराज होऊन तसं तोंडावर सांगायला येतो. क्लिओपात्रा याच्या उलट. तिला तुमच्या इमारतींचं काही नाही, सैन्य किती ते सांगा. मला क्लिओपात्राचा शेजार बरा वाटतो. ती निदान बघून जळत तरी नाही.

वंडर हातचा जाऊ नये म्हणून सम्राट शेवटी कुऱ्हाडीकडे वळतो. अरण्य तोडलं की उत्पादनाचा एकगठ्ठा लाभ मिळतो आणि कित्येक टर्नांचं काम एका टर्नात उरकतं. मॅग्नस नावाचा कारभारी त्या शहरात नेमला तर लाभ दीडपट. माझी पुतणी रस्तारुंदीत जाणाऱ्या वडांसाठी सह्या गोळा करते. पावसात छत्री धरून झाडाखाली उभी राहिलेली आहे. तीच पुतणी माझ्या शेजारी बसून खेळताना पिरॅमिडसाठी तीन अरण्यं आडवी करताना मी पाहिली.

“अगं, झाडं!”

“काका, पिरॅमिडला तीन टर्न राहिलेत.”

“पण तू तर…”

“काका, तो चीनवाला बांधतोय.”

ज्यांच्या हातात खऱ्या कुऱ्हाडी असतात त्यांच्याकडेही कारण बहुधा हेच असतं. मात्र २०१९ मध्ये आलेल्या जोडभागाने याचा सूड घेतला. आता कोळशाची वीजकेंद्रं चालवलीत की हवामान तापतं, बर्फ वितळतो आणि समुद्रकाठचे सखल षटकोन पाण्याखाली जातात. नद्यांना पूर येतात, ज्वालामुखी फुटतात. पुराने शेतं वाहून जातात आणि गाळ बसून जमीन सुपीक होते, म्हणून काही खेळाडू पुराची वाट बघत नदीकाठी शहर वसवतात. विमा कंपन्या या खेळात नाहीत.

शहर बांधून संपत नाही, चालवावंही लागतं. लोकसंख्या वाढायला पाणी लागतं. गोड्या पाण्याजवळच्या शहराला पाच घरांची सोय, समुद्राजवळच्याला तीन, कोरड्याला दोन. चौथा माणूस जन्मल्याशिवाय दुसरा परिसर बांधता येत नाही आणि सातव्याशिवाय तिसरा. तेव्हा तीन माणसांच्या शहराला कॉलेज हवं की देऊळ यावर सम्राट अर्धा तास डोकं धरून बसतो. त्यातच लोक नाराज होतात. दर दोन माणसांमागे एक करमणुकीची सोय लागते. द्राक्षं, रेशीम, मसाले असा एखादा ऐषआरामाचा जिन्नस मिळाला की चार शहरं खूश होतात. पण तोच जिन्नस दुसऱ्यांदा सापडला तर घरच्या लोकांना त्याचं काही नाही. द्राक्षं पाहिली, आता दुसरं दाखवा. शेवटी ‘थोर व्यापारी’ म्हणून लेव्ही स्ट्रॉस मिळाला तर तो जीन्स आणतो आणि बंडाच्या उंबरठ्यावरचं शहर शांत होतं. ज्यांच्या घरी पंधरा ते वीस वयोगटातलं कुणी आहे त्यांना यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

२०१८ च्या जोडभागात शहरं सांभाळायला कारभारी आले. एकूण सात. त्यातला शिक्षणाचा कारभारी पिंगल. तोच, छंदःशास्त्रवाला. य म त र ज भ न स हे गण शाळेत आपण घोकले ते त्याच्याच शास्त्रातले. परदेशी कंपनीच्या खेळात आपला एक गणिती शिक्षणमंत्री होऊन बसला याचा अभिमान वाटला, पण वृत्तात चुकलेल्या मात्रांचे मारही आठवले. या कारभाऱ्याची एका शहरातून दुसऱ्या शहरात बदली केली तर रुजू व्हायला पाच टर्न लागतात. सुरुवातीच्या काळात हे पाच टर्न म्हणजे दोनशे वर्षं. आमच्या ओळखीतल्या एका सरकारी अधिकाऱ्यांना हे सांगितलं तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, “प्रवासभत्ता मिळत असेल तर वाजवी आहे.”

भारत घेऊन खेळलं तर गांधीजी नेते म्हणून मिळतात किंवा चंद्रगुप्त मौर्य. मराठे या खेळात नाहीत. त्यांच्यासाठी २००९ चा ‘एम्पायर: टोटल वॉर’ खेळावा लागतो, आणि तिथे इमारतींपेक्षा घोड्यांवर मदार आहे, जे बरोबरच आहे. ‘सिव्हिलायझेशन’मधल्या भारताची खासियत म्हणजे पायऱ्यांची विहीर, बारव. शेताशेजारी बांधली की जास्त धान्य, देवस्थानाशेजारी बांधली की श्रद्धा. टेकडीवर बांधता येत नाही आणि दोन बारवा एकमेकींना चिकटून चालत नाहीत. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर ज्यांनी पाहिली असेल त्यांनी मान्य करावं की आपल्या लोकांना शेजार कळत होता.

आता सगळ्यात दुखरी गोष्ट. एकदा बांधून झालेला परिसर या खेळात पाडता येत नाही. हलवता येत नाही. कॅम्पस एक घर डावीकडे सरकवला असता तर धरणाला जागा मिळाली असती, हे कितीही उशिरा कळलं तरी काही उपयोग नाही. ते चुकलेलं कॉलेज इसवी सन २०५० पर्यंत तुमच्याकडे बघत राहतं. मेहुण्याला ही अट अमानुष वाटत असे. मग २०२५ च्या फेब्रुवारीत सातवी आवृत्ती आली. तिच्यात एका षटकोनात दोन इमारती मावतात आणि युग बदललं की गेल्या युगातल्या जुन्या इमारती पाडून त्याच जागी नव्या बांधता येतात. मेहुण्याने त्याच रात्री फोन केला. आवाजात कंप होता. “दाजी,” तो म्हणाला, “रिडेव्हलपमेंट आली!” जुन्या रहिवाशांना भाडं द्यावं लागत नाही हे त्याने दोनदा सांगितलं.

या सगळ्या टाचण्यांचा, राखलेल्या गुरांचा, टाळलेल्या पशुपालनाचा शेवटी फायदा किती? फारसा नाही, हे मला स्पष्टच सांगितलं पाहिजे. खेळात काठिण्याच्या आठ पायऱ्या आहेत. सगळ्यात वरच्या पायरीवर संगणकाच्या राजांना पहिल्याच टर्नला वस्ती करायला तीन टोळ्या मिळतात आणि तुम्हाला एक. सुरुवातीचे वंडर ते बांधणार, तुम्ही दुरून बघणार. मुरलेले खेळाडू म्हणून वंडर बांधत बसतच नाहीत. ज्याने बांधलाय त्याच्यावर स्वारी करतात आणि शहरासकट उचलतात. बांधण्यापेक्षा जिंकणं स्वस्त पडतं. आणि चार रेखीव शहरांपेक्षा दहा ओबडधोबड शहरं जास्त विज्ञान काढतात, हे तर कुठलाही अनुभवी खेळाडू सांगेल. माझी पुतणी टाचणी लावत नाही. दिसली जागा की वस्ती, मिळाला षटकोन की कॉलेज. तिची शहरं वेडीवाकडी, अरण्यं तुटलेली, वसाहती कारखान्यांच्या धुरात. तिचं यान अंतराळात गेलं तेव्हा मेहुण्याचा आदर्श नगररचनेचा प्रकल्प मध्ययुगात होता.

तरी मेहुणा बदललेला नाही आणि मी त्याला बदल म्हणत नाही. वंडर पूर्ण झाला की पडद्यावर तो पायापासून कळसापर्यंत उभा राहताना दिसतो, मजूर, परांची, ऊनपाऊस सगळं काही सेकंदांत, आणि ठेकेदाराचा फोन न येता एखादं बांधकाम पूर्ण होताना पाहायला मिळणं हे त्याच्या धंद्यातल्या माणसाला दुर्मिळ सुख आहे. पुतणीला ती चित्रफीत बघायला वेळ नसतो. ती बटण दाबून पुढे जाते. ज्याला जिंकायचंय त्याने तिच्यासारखं खेळावं. ज्याला शहर हवंय त्याने हरायची तयारी ठेवावी.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना एकच सांगतो. पहिलं शहर पहिल्याच टर्नला, टोळी जिथे उभी आहे तिथेच वसवा. नदी जरा लांब असेल, डोंगर चुकीच्या बाजूला असेल, असू द्या. चांगला प्लॉट शोधत सातआठ टर्न भटकलात की तीनशे वर्षं गेली, आणि तेवढ्यात चीनच्या सम्राटाने दगड गोळा करायला सुरुवात केलेली असते.